पोकळेकाका आणि थांबलेला प्रोटॉन

पोकळेकाकांचं आडनाव पोकळे नव्हतं. खरं आडनाव वेगळंच होतं, पण ते पगाराच्या दिवसापुरतंच कुणाच्या तोंडी यायचं. संस्थेत नव्याने आलेले लोक त्यांना अदबीने 'पोकळेसाहेब' म्हणायचे, जुने लोक गालातल्या गालात हसायचे आणि काका कुणालाच दुरुस्त करायचे नाहीत. कारण त्या नावात खोटं असं काही नव्हतं. पोकळी तयार करणं हाच त्यांचा धंदा होता. बाकीची माणसं आयुष्यभर काही ना काही भरत बसतात, कुणी पोती, कुणी पोट, कुणी परीक्षेचे पेपर. काका रिकामं करायचे. लोखंडी नळ्या, माणूस आत बसेल एवढाल्या पोलादी पेट्या, त्यांतली हवा पंपाने ओढायची. मग उरलेली ओढायची. मग भिंतींना चिकटून बसलेली असेल तीही हुसकून काढायची. आत काही म्हणता काही उरलं नाही, की काकांचं काम झालं. 'दिवसभर राबून पोकळ्यांनी काय तयार केलं? तर काहीच नाही,' हा विनोद तिथे इतका जुना होता, की त्यावर हसणारा माणूस नवा आहे हे लगेच ओळखू यायचं.

ही संस्था म्हणजे गावाच्या कडेला असलेली एक लांबलचक, रंग उडालेली इमारत. बाहेरून कुणाला वाटावं की इथे बिस्किटं बनत असतील. तळघरात एक अजस्र मशीन होतं. ते अणूंचे कण पळवायचं आणि अतिपातळ धातूच्या पत्र्यावर नेऊन आदळायचं. त्या टकरीतून कधीमधी, कोट्यवधींत एखादं, असं अणुकेंद्र जन्माला यायचं जे जगात एरवी कुठेच नसतं. जन्मलं की ते तडक पुढे सुटायचं, नळीतून, चुंबकांच्या वळणांतून, आणि शेवटच्या पेटीत बसवलेल्या सिलिकॉनच्या चकतीत जाऊन रुतायचं. ती चकती म्हणजे त्याची पाळण्याची जागा आणि स्मशानाची जागा एकच. वाटेत हवा असली तर ते बिचारं हवेलाच धडकून संपून जाणार. म्हणून काका लागायचे.

पण काकांची खरी ख्याती हवा काढण्यात नव्हती, हवा परत आत सोडण्यात होती. प्रयोग संपला की पेटी उघडायची, आणि उघडण्याआधी तिच्यात हवा भरायची. व्हॉल्व्ह एकदम उघडला, तर हवा अशी काही मुसंडी मारते की आतला पत्रा टराटरा फाटतो आणि चकतीच्या चिरफळ्या उडतात. काका एका हाताने व्हॉल्व्ह धरून उभे राहायचे आणि तो केसभर फिरवायचे. मग थांबायचे. मग आणखी केसभर. बघणारा कंटाळून चहा पिऊन यायचा, तरी काका तिथेच. 'हवेला कळता कामा नये की आपण तिला आत घेतोय,' असं ते म्हणायचे. एवढ्या वर्षांत त्यांच्या हातून एकही पत्रा फाटला नव्हता.

घरी मात्र पोकळी आपोआप होत गेली, तिला पंप लागला नाही. आधी काकू गेल्या. मुलाचं लग्न झालं, घर पुन्हा बोलायला लागलं, आणि दोन वर्षांत मुलगाच अपघातात गेला. रस्ता ओलांडत होता, एवढंच. त्याला दुसरं काही कारण नव्हतं आणि काकांनी शोधलंही नाही. घरात काका उरले आणि सून उरली.

सुनेची आई तेव्हाच तिला न्यायला आली होती. "थोडे दिवस थांबते," सून म्हणाली, "बाबांना जरा सावरू दे." त्याला चार वर्षं झाली. आई अधूनमधून यायची, सोबत नेण्यासाठी रिकामी बॅग आणायची आणि ती रिकामीच घेऊन परत जायची. सून चष्म्याच्या दुकानात काम करायची. काचा घासून फ्रेममध्ये बसवायच्या, काड्या वाकवून गिऱ्हाइकाच्या कानाला नीट बसतील असं करायचं. संध्याकाळी दोघं जेवायला बसली की काका मुलाच्या लहानपणाची एखादी गोष्ट काढायचे आणि ती ऐकायची. लोकांना वाटायचं, सासरा आणि सून, दोघंच घरात, अवघडलेलं असेल सगळं. तसं काही नव्हतं. अवघडायला जे वेगळेपण लागतं ते त्या दोघांत कधी उरलंच नव्हतं.

एक दिवस काकांच्या चष्म्याची काडी वाकली. दुपारच्या सुट्टीत ते दुकानाकडे गेले. काचेच्या दारापाशी पोचले आणि थांबले. आत सून एका गिऱ्हाइकाशी बोलत होती. गिऱ्हाईक म्हणजे एक उंच, थोडा पोक काढून उभा असलेला माणूस, हातात चष्मा. तो काहीतरी बोलला आणि सून हसली. मान मागे टाकून, तोंडावर हात न घेता. काकांनी तो आवाज काचेतून नीट ऐकलाही नाही, पण चेहरा पाहिला. मुलगा होता तेव्हा ती अशी हसायची. आपण ते हसणं विसरलो होतो, हे काकांना त्या दारात कळलं. आनंद झाला आणि लगेच भीतीही वाटली. काका वाकडा चष्मा तसाच नाकावर ठेवून परत फिरले.

पुढचं सगळं वरच्या मजल्यावरच्या मावशींकडून कळलं. मावशींच्या पोटात गोष्ट राहत नाही हे सगळ्या जिन्याला माहीत होतं, तरी लोक त्यांनाच गोष्टी सांगायचे. "भाऊ, तुम्हाला म्हणून सांगते," मावशी म्हणाल्या. "ते भूगोलाचे मास्तर आहेत. चांगला माणूस. चष्म्याचा स्क्रू ढिला झाला म्हणून येतात. आता तुम्हीच सांगा, कुणाच्या चष्म्याचा स्क्रू दर आठवड्याला ढिला होतो?"

"मग?" काका म्हणाले.

"मग काय. त्यांची बदली झालीय, लांब. जायच्या आधी सरळ विचारलं त्यांनी, लग्न करशील का. ही नको म्हणाली. का, तर घरी बाबा एकटे पडतील."

काका जिन्यात तसेच उभे राहिले. त्यांच्या मनात पहिला विचार आला तो 'बरं झालं' हा होता. तो आला याची त्यांना अशी लाज वाटली, की मावशींचा निरोपही न घेता ते खाली आले. त्या दिवसापासून त्यांच्या डोक्यात दोन काका भांडायला लागले. एक म्हणायचा, पोरीचं आयुष्य आहे, तिला मोकळं कर. दुसरा काही म्हणायचाच नाही, नुसता संध्याकाळच्या दोन ताटांकडे बघत बसायचा.

संस्थेत त्याच सुमारास मोठ्या प्रयोगाची तयारी चालली होती. प्रयोग डॉक्टरीणबाईंचा होता. पदार्थविज्ञानात डॉक्टरेट मिळवलेली ही मुलगी. पहिल्याच आठवड्यात पहारेकऱ्याने तिच्याकडे खोकल्याचं औषध मागितलं आणि तेव्हापासून ती डॉक्टरीणबाई झाली. तिने पहारेकऱ्याला गरम पाण्याच्या गुळण्या करायला सांगितल्या होत्या आणि त्याचा खोकला गेलाही होता. पंप चालू करून काका आणि ती पेटीजवळ बसले होते. हवा उतरायला वेळ लागतो, त्या वेळात गप्पा मारण्याशिवाय दुसरं काम नसतं.

"यंदा कुठला पाहुणा?" काकांनी विचारलं. केंद्रकांना ते पाहुणेच म्हणायचे.

"फार विचित्र आहे काका. त्याच्यात प्रोटॉन जरा जास्तच कोंबलेले असतात. प्रोटॉन एकमेकांना ढकलतात, ते तुम्हाला माहीत आहे. बाकीचे कसेबसे एकमेकांना धरून राहतात, पण शेवटचा जो असतो ना, त्याला धरून ठेवण्याएवढी पकड घरात उरलेलीच नसते. तो कुणाशी बांधलेला नाही. हिशोबाने त्याने जन्मतःच बाहेर पडायला हवं."

"आणि पडत नाही?"

"पडतो, पण थोडा वेळ थांबून. आम्ही शोधतोय ते हेच. तो किती थांबतो आणि बाहेर येताना किती जोरात येतो."

काकांनी पंपाचा आवाज ऐकल्यासारखं केलं. "बांधलेला नाही, तर थांबतो कशाला? आतली ओढ?"

"ओढ नाही. ओढ पुरेशी असती तर तो गेलाच नसता." ती हाताने हवेत एक उंचवटा काढून दाखवायला लागली. "भोवती एक बांध असतो. तो ओलांडण्याएवढं बळ प्रोटॉनकडे नसतं. म्हणून आत अडून राहतो. आणि मग कधीतरी, कसा ते विचारू नका, बांध न ओलांडताच तो पलीकडे असतो. मोठ्या वस्तूंना असं जमत नाही, पण एवढ्या लहान जगात हे चालतं."

"म्हणजे नुसता अडसर आहे म्हणून थांबलेला."

"हो."

"आणि तो गेल्यावर मागे जे उरतं? ते मोडून पडतं?"

डॉक्टरीणबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं. हा प्रश्न तिला सहसा कुणी विचारत नसे. "नाही मोडत. उलट जरा बरं बसतं, ओझं कमी झालेलं असतं. पुढे तेही बदलतं म्हणा, पण सावकाश, त्याच्या वेळेने."

काकांना दिवसभर दुसरं काही सुचलं नाही. नुसता अडसर आहे म्हणून थांबलेली. आणि अडसर कोण, तर आपण. चार वर्षं आपण समजत होतो की पोर मायेने राहिलीय, आणि ती बिचारी आत अडकून पडलीय. माणूस एकदा स्वतःवर रागवायला बसला की त्याला पुराव्याची कमी पडत नाही. काकांनी संध्याकाळपर्यंत स्वतःला पुरतं गुन्हेगार ठरवून टाकलं.

आणि मग जे व्हायचं ते झालं. ज्या माणसाने उभ्या जन्मात एक व्हॉल्व्ह घाईने उघडला नाही, त्याने ताटावर बसल्या बसल्या, पहिला घास घ्यायच्या आधी, सगळं एकदम सोडलं.

"तू आता तुझं बघ," काका म्हणाले. "इथे तुझं काही नाही. कशाला अडकून पडलीस?"

सुनेचा हात वाढता वाढता थांबला. "मावशी बोलल्या वाटतं तुमच्याशी."

"मावशींचा काय संबंध? मी माझ्या मनाने सांगतोय. माझी काळजी करू नकोस. मला रिकाम्याची सवय आहे, जन्म त्यातच गेला."

ती अगदी हळू म्हणाली, "मी जड झाले का तुम्हाला, बाबा?"

काकांना 'नाही गं' म्हणायचं होतं. पण ते दोन शब्द बाहेर यायला वेळ लागला, आणि तेवढ्या वेळात तिने स्वतःच उत्तर समजून घेतलं. ती उठली. जाताना काकांच्या ताटात वाढायचं राहिलेलं वाढलं. "रविवारी आईकडे जाते मी," ती म्हणाली आणि खोलीचं दार लावून घेतलं. मास्तरांकडे नाही, आईकडे. काकांना कळलं की आपण तिला मोकळं केलं नाही, घराबाहेर काढलं. त्या दिवशी ते उपाशी झोपले, आणि लाज वाटली म्हणून अन्न झाकून ठेवलं, टाकलं नाही.

दुसऱ्या दिवशी प्रयोग सुरू झाला आणि सुरू झाल्या झाल्या घोळ झाला. पडद्यावर पाहुण्यांच्या खुणा दिसायच्या, त्याऐवजी नुसता धुरळा. बारीकबारीक खोट्या खुणांचा असा पूर, की त्यात खरं केंद्रक आलं असतं तरी कुणाला दिसलं नसतं. सगळेजण कामाला लागले. तारा तपासल्या, जोड तपासले, एकाने दुसऱ्याच्या सोल्डरिंगवर शंका घेतली आणि दोघांचं वाजलं. मशीन चालू, कणांचा झोत वाहतोय, आणि सगळं वाया. डॉक्टरीणबाईंचा चेहरा पडला. तिला मिळालेले दिवस मोजके होते आणि ते गेले की पुन्हा रांग.

सकाळ सरत आली तेव्हा ती काकांच्या पॅनेलसमोर येऊन उभी राहिली आणि तिथे एक लहान हिरवा दिवा लागलेला दिसला.

"काका," ती म्हणाली, "गेज चालू राहिलंय."

पेटी किती रिकामी झाली हे मोजायचं एक गेज असतं. त्यात एक तार तापून लाल होते आणि ती तार पेटीच्या आतच असते. सिलिकॉनच्या चकतीला उजेडाचं वावडं. तेवढीशी तारसुद्धा तिला दिवस उजाडल्यासारखी वाटते, आणि ती काहीबाही दिसल्याच्या खुणा करत सुटते. म्हणून चकती जागी करण्याआधी गेज बंद करायचं, हा या धंद्यातला पहिला नियम. शिकायला आलेल्या पोरासोरांना काकाच तो शिकवायचे.

"मी बघत होतो सारखं," काका कसेबसे म्हणाले. "किती रिकामं झालंय, किती रिकामं झालंय... बंद करायचं राहूनच गेलं."

ती रागवली असती तर बरं झालं असतं. ती रागवली नाही. तिने काकांचा चेहरा पाहिला, आणि स्वतः हात पुढे करून ते बटण बंद केलं. "झालंय पुरेसं रिकामं, काका. आता नका मोजू. तुम्ही मोजत राहिलात तर आत काय आहे ते दिसणारच नाही."

ती गेजबद्दलच बोलत होती. काकांच्या घरी सध्या काय चाललंय ते तिला ठाऊक नव्हतं. पडद्यावरचा धुरळा खाली बसला, लोक टाळ्या वाजवत आपापल्या जागी गेले, आणि काका स्टुलावर बसून राहिले. त्यांना कालचं ताट आठवत होतं. आपण काय बोललो? इथे तुझं काही नाही. मला रिकाम्याची सवय आहे. सगळं आपल्याच रिकामपणाचं मोजमाप. त्या पोरीला काय हवंय, मास्तर तिला आवडतात का, एवढं साधं विचारायचं सुचलं नाही. आपण तिच्या भल्याचं बोलतोय असं समजून आपलंच दुःख त्या तारेच्या उजेडासारखं तिच्या डोळ्यांवर मारत होतो. काका उठले, कुणालातरी 'येतो' म्हणाले आणि निघाले.

दुकानात गर्दी नव्हती. मालक मागच्या बाजूला फोनवर. काकांनी चष्मा काढून काउंटरवर ठेवला. "काडी वाकलीय," ते म्हणाले.

सुनेने चष्मा उचलला. तिचे डोळे सुजलेले होते, हे काकांना चष्मा काढायच्या आधीच दिसलं होतं. आता ती समोर धूसर झाली होती, आणि काकांना त्या धूसरपणाचा आधार वाटला. स्पष्ट दिसणाऱ्या माणसाशी असलं बोलणं अवघड असतं.

"काल मी शेवटचं आधी बोललो," काका म्हणाले. "आधीचं विचारायचंच राहिलं. मास्तर तुला आवडतात का?"

ती काडी गरम करत होती. "आवडतात," ती म्हणाली.

"हसवतात ना?"

"हसवतात. त्यांना स्वतःला कळत नाही, पण हसवतात."

"मी पाहिलं होतं. या दारातून. मग आत आलोच नाही."

तिने मान वर केली असावी. काकांना नीट दिसलं नाही. "आणि तुमचं काय?" ती म्हणाली.

"मला वाईट वाटेल," काका म्हणाले. हे वाक्य त्यांनी वाटेत कितीतरी वेळा घोकलं होतं आणि तरी आवाज फाटलाच. "खोटं कशाला बोलू? पहिले काही महिने घर खायला उठेल. स्वयंपाक करपेल. मीठ किती घालायचं ते विचारायला तुला फोन करीन, मला माहीत असलं तरी. पण तू माझ्यासाठी थांबलीस, तर रोज तुझ्याकडे बघून मी माझा गुन्हा मोजत बसेन. ते त्याहून वाईट. मला वाटलं, तू अडकलीयेस. मी मध्ये बांधासारखा उभा आहे, म्हणून तू आत आहेस."

"बांध?" ती म्हणाली. "कसला बांध? मला कुणी अडवलं होतं? आई बॅग घेऊन येत होती. दार उघडं होतं. मला थांबावंसं वाटलं म्हणून मी थांबले, बाबा. तुम्ही रोज त्याची एक गोष्ट सांगायचात. तो लहान असतानाची. ती जिथे ऐकायला मिळेल असं जगात दुसरं घर नव्हतं."

काका काउंटरला धरून उभे राहिले. डॉक्टरीणबाईंचं गणित इथे चुकलं होतं, आणि ते चुकल्याचा एवढा आनंद त्यांना आजवर कशाचाच झाला नव्हता. ओढ होती. नुसता अडसर नव्हता, ओढ होती.

"आणि आता?" त्यांनी विचारलं.

"आता सगळ्या गोष्टी पाठ झाल्यात माझ्या." ती रडत होती आणि हसतही होती, आवाजावरून कळत होतं. "तो झाडावरून पडून दात तुटला ती गोष्ट तर तुम्ही कधी सहा वर्षांचा असताना सांगता, कधी आठ."

"दोनदा पडला होता," काका म्हणाले.

"दात एकच होता, बाबा."

तिने चष्मा त्यांच्या नाकावर ठेवला, दोन्ही कानांमागे बोटं फिरवून काड्या बघितल्या, आणि तसाच त्यांचा चेहरा क्षणभर हातांत धरला. मालक फोन ठेवून बाहेर आला तो हे बघून पुन्हा आत गेला. रविवारी सून आईकडे गेली, पण एकटी नाही. सोबत मास्तर होते, आणि दोघांच्या मागे डब्याची पिशवी सांभाळत काका.

प्रयोगाचे दिवस संपत आले होते तेव्हा डॉक्टरीणबाईंनी काकांना धावत येऊन बोलावलं. धावत, म्हणजे खरोखर धावत. तळघरात धावायला मनाई होती. पडद्यावर दोन रेघा होत्या. एक उंच, तिच्या शेजारी एक बुटकी.

"ही उंच, म्हणजे पाहुणा चकतीत आला," ती म्हणाली. "आणि ही बुटकी, त्याच जागेवर, म्हणजे प्रोटॉन बाहेर पडला. जेवढ्या जोराने पडायला हवा तेवढ्याच जोराने. असं केंद्रक आजवर कुणी पाहिलं नव्हतं, काका."

"एवढंच?" काका म्हणाले.

"एवढंच." तिचे डोळे भरले होते.

काका वाकून त्या दोन रेघांमधली जागा बघत राहिले. केवढीशी ती. "मध्ये किती वेळ गेला?"

"पापणी लवायला लागतो त्याचा शंभरावा हिस्साही नाही. काहीच नाही म्हणा ना."

"पण तेवढा वेळ तो होता," काका म्हणाले. "होता ना?"

ती काही तरी शास्त्रीय सांगणार होती. पण काकांच्या आवाजात असं काही होतं की ती ते विसरली. काकांच्या मुलाबद्दल तिने कधीतरी कुणाकडून ऐकलं होतं. "होता," ती म्हणाली. "नक्की होता. पुरावा आहे ना आपल्याकडे."

काकांनी मान डोलावली. चार वर्षं त्यांनी मुलगा गेला एवढंच धरून ठेवलं होतं. एकतीस वर्षं तो होता, हे वेगळं मोजावं असं त्यांच्या मनात कधी आलंच नव्हतं. ते तिथेच, सगळ्या तरुण पोरांसमोर, रडले. एकाने खुर्ची पुढे केली, आणि डॉक्टरीणबाई त्यांच्या पाठीवर हात ठेवून उभी राहिली.

लग्न नोंदणीच्या कचेरीत झालं. खोली लहान, पंखा आवाज करणारा, बाकावर आधीची दोन जोडपी. मास्तर सारखे चष्मा काढून पुसत होते. त्यांचे दोन मित्र त्यांच्या बाजूला, सुनेची आई आणि वरच्या मजल्यावरच्या मावशी तिच्या बाजूला. काका जरा मागे, भिंतीला टेकून उभे होते. आपण कुठल्या बाजूला उभं राहावं हे त्यांना कळत नव्हतं, आणि कुणाला विचारायचीही चोरी.

कारकून घाईत होता. "मुलाकडच्या सह्या झाल्या. मुलीकडून कोण करतंय?"

आई पुढे होणार तोच सुनेने तिचा हात हलकेच दाबला आणि मागे वळली. "बाबा, या ना."

काका गडबडले, पण पुढे आले. कारकुनाने मान वर न करताच विचारलं, "तुम्ही वडील का?"

"नाही," काका म्हणाले. खोटं बोलणं त्यांना कधी जमलं नव्हतं. "सासरा."

कारकुनाने कंटाळून मास्तरांकडे बोट दाखवलं. "अहो, मग तुम्ही त्यांच्या बाजूला उभे राहा. मी मुलीकडचं माणूस विचारतोय."

"मुलीकडचाच आहे मी," काका म्हणाले.

कारकुनाचं पेन थांबलं. त्याने काकांकडे पाहिलं, मास्तरांकडे पाहिलं, आईकडे पाहिलं. या तिघांपैकी कुणीही काही दुरुस्त करायला पुढे येईना. तेव्हा सुनेने काकांसाठी खुर्ची ओढली.

"लिहा तसंच," ती कारकुनाला म्हणाली. "सासरे. माझ्याकडून."